ओल्या उतारावरचे दाऊदभाई

फोन आला तेव्हा दोह्यात धुळीचा वारा सुटला होता. ऑफिसच्या खिडकीतून समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती आणि मी एका कंत्राटदाराशी वाद घालत बसलो होतो. मोबाइलवर रत्नागिरीचा नंबर दिसला म्हणून बाहेर आलो. पलीकडे शबाना होती. दाऊदभाईंची ही थोरली मुलगी, गावच्या शाळेत शिकवते. एरवी ती बोलायला लागली की थांबत नाही. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "निकमकाका, अब्बा गेले. दुपारी जेवून पडवीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी तिला काय बोललो ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की फोन ठेवायच्या आधी मी एक अगदी मूर्ख प्रश्न विचारला... "सायकल कुठे आहे?" ती पोर रडता रडता हसली आणि म्हणाली, "त्यांच्या उशाशीच होती, काका."

आता ही सायकल काय भानगड आहे, ते सांगायला हवं. मी कतारमध्ये राहून माउंटन बाइकवरून डोंगर उतरायला शिकलो, आणि तेही पावसात, असं नाशिकला कुणाला सांगितलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतात. माझा धाकटा भाऊ तर म्हणाला होता, "तिथे डोंगर नाही, पाऊस नाही. मग तू उतरलास काय, उंटावरून?" त्याचंही चूक नाही. देश सगळा परातीसारखा सपाट. पण पश्चिम किनाऱ्याला दुखान म्हणून तेलाचं जुनं क्षेत्र आहे, तिथे समुद्राला समांतर अशी चुनखडीची एक लांबलचक धार उभी आहे. आमच्या पांडवलेण्यांच्या टेकडीसमोर ती बुटकीच दिसेल. सगळे तिला जबल म्हणतात, म्हणजे डोंगर. जिथे दुसरा नाही तिथे त्यालाच डोंगर म्हणायचं! आणि पाऊस हिवाळ्यात येतो, वर्षातून मोजून तीनचार दिवस. तेवढ्यात सगळं भिजतं, चिखल होतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा कोरडं खडखडीत. दाऊदभाईंचं सगळं वर्ष त्या तीनचार दिवसांसाठी असायचं.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून दुखानला रुजू झालो. मेधा आणि ऋचा अजून नाशिकलाच होत्या. एका शुक्रवारी पाऊस लागला होता आणि एकट्याने खोलीत बसवेना म्हणून गाडी काढून उगाच जबलच्या बाजूला गेलो. काच पुसत पुढे बघतो तर निळ्या कव्हरऑलमधला, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेला एक माणूस सायकलवरून त्या धारेवरून खाली येतोय. पळत नव्हता, घसरतही नव्हता. दळण घेऊन घरी निघाल्यासारखा बेताबेताने येत होता. खालच्या अंगाला एका चपट्या, तिरक्या दगडावर त्याचं मागचं चाक सरकलं, त्याने डावा पाय टेकला, आणि तो थांबला. तिथून सायकल ढकलत पुन्हा वर निघाला. मला वाटलं याला लागलंबिगलं. मी गाडीतून उतरून ओरडलो, "क्या भाई, सब ठीक है?" तो जवळ आला. माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या पासवरचं नाव त्याने पावसात डोळे बारीक करून वाचलं आणि मराठीत म्हणाला, "ठीक कसला साहेब? पाय टेकला."

हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. पाय टेकला तर बिघडलं काय, असं मी विचारलं, आणि मग त्या पावसात उभं राहून त्यांनी मला जे सांगितलं त्यामुळे पुढची सातआठ वर्षं माझे शुक्रवार कामाला लागले. दाऊदभाई आमच्याच कंपनीत पंपफिटर होते, पन्नाशी ओलांडलेले, बॅचलर क्वार्टर्समध्ये राहायचे. घर रत्नागिरीच्या बाजूला खाडीकाठी. त्यांच्या गावात एसटी वर सड्यावर थांबायची आणि मोहल्ला खाली खाडीला. बेकरीचा पाव सकाळच्या एसटीने पत्र्याच्या डब्यातून यायचा. तो डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून घाटीने खाली न्यायचं काम विशीच्या आत दाऊदभाईंकडे आलं. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरतं, माणूस चालतानाही दोनदा विचार करतो. "पाय टेकला की सायकल तिरकी," ते म्हणाले, "सायकल तिरकी की झाकण उघडं, आन् पाव चिखलात. मंग अख्खा मोहल्ला नुसता चाय पिऊन ऱ्हायचा. आन् संध्याकाळपर्यंत परत्येक बाई इचारायची, काय रे दाऊद, टेकलास काय आज?" म्हणून उतरायचं ते पाय न टेकता. बाकी वेगबिग सगळं त्यांच्या लेखी पोरखेळ.

नोकरीसाठी इकडे आल्यावर रजा मिळायची ती मे महिन्यात, नाहीतर ईदला. गावचा पावसाळा त्यांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता. मग कधीतरी, घरी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरने जाताना आपली तांबडी माउंटन बाइक त्यांना देऊन टाकली, कारण ती दर महिन्याला दुरुस्त करून देणारे दाऊदभाईच होते. तिच्यावर बसून ते पहिल्यांदा जबलवर गेले तो दिवस नेमका पावसाचा निघाला. वर उभं राहून त्यांनी खाली बघितलं आणि त्यांना सगळं ओळखीचं वाटलं. मग त्यांनी त्या उतारालाच गावची नावं देऊन टाकली. वरचा सपाट खडक म्हणजे सडा. तिथून पायरीपायरीने उतरते ती घाटी. मध्ये पावसाचं पाणी वाहून नेणारी घळ म्हणजे पऱ्या. आणि समोरचा अथांग समुद्र म्हणजे, साधी गोष्ट आहे, खाडी. फक्त पऱ्याच्या अलीकडचा तो चपटा तिरका दगड त्यांच्या गावात नव्हता. त्यावर बारीक मातीचा थर बसायचा आणि ओला झाला की साबण लावल्यासारखा व्हायचा. त्याला ते फरशी म्हणायचे. फरशीवर ते दरवेळी पाय टेकायचे. पंप असो की माणूस, अडलं कुठे हे सापडल्याशिवाय सोडायचं नाही हा त्यांचा स्वभाव, त्यामुळे फरशी त्यांच्या डोक्यात जाऊन बसली होती.

पुढच्या हिवाळ्यात मीही एक सायकल घेतली. तोवर मेधा आणि ऋचा आल्या होत्या. मेधा म्हणाली, "नाशिकला आयुष्य काढलं तेव्हा एक गड चढला नाहीत, आणि वाळवंटात येऊन डोंगर शोधलात?" मी चिखलाने माखून घरी आलो की पाच वर्षांची ऋचा नाक धरून म्हणायची, "बाबा, यू आर सो डर्टी." दाऊदभाई दारात उभे असले तर ती त्यांनाही तेच सांगायची, आणि ते गंभीरपणे मान डोलावून "येस मॅडम" म्हणायचे. शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे फार बोलायचं नाही. "ब्रेक शेवाळाच्या आदी. शेवाळावर ब्रेक न्हाय. शेवाळावर फकस्त बघायचं." मी विचारलं, बघायचं कुठे? "जायचंय तिकडं. दगडाकडं बघितलंत तर दगडावरच जाल." हे बोलायला सोपं आहे. पहिल्या वर्षी मी सगळ्या दगडांकडे नीट बघितलं आणि सगळ्यांवर जाऊन आलो.

पण त्यांची खरी विद्या होती हवेची. मी ज्या घरात वाढलो तिथे सायकलची हवा म्हणजे टणक. वडील रोज सायकलने नाशिकरोडला कामाला जायचे, आणि हवा कमी म्हणजे ट्यूब कापते हा त्यांचा सिद्धांत होता. त्यांचा काही महत्त्वाचा दिवस असला, साहेबांना भेटायचं असलं, लग्नाचं स्थळ बघायला जायचं असलं, की त्या सकाळी पंप मारायचं काम माझं. टायरवर टिचकी मारली की टण् वाजलं पाहिजे. माणसाचं चांगलं व्हावं असं वाटत असेल तर त्याच्या टायरमध्ये दाबून हवा भरावी, हे माझ्या हाडात भिनलेलं. दाऊदभाईंचं सगळं उलटं. ओल्या दगडावर टणक चाक टिकत नाही, मऊ चाक दगडाला चिकटून बसतं. किती मऊ? त्यासाठी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पंपांचे काटे तपासणारा हा माणूस कधी काटा वापरायचा नाही. टायरवर अंगठा ठेवून दाबायचा. "आंबा पिकायला आला की कसा लागतो? पिकलेला न्हाय, पिकायला आलेला. तसा लागला पायजे." मी म्हणालो, आमच्या नाशिकला द्राक्षं असतात. "मंग तुमचं कठीण हाय, निकमसाहेब," असं म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही चाकांची हवा फुस्सकन सोडून दिली. त्यानंतर मी माझी हवासुद्धा त्यांनाच बघायला लावायचो.

दुखानमध्ये सायकलवाल्यांचा एक छोटा क्लबही होता. चारदोन इंग्रज, एखाददुसरा ऑस्ट्रेलियन, आणि त्यांचा म्होरक्या ग्रॅहम. ग्रॅहम उंच, लालबुंद, शिस्तीचा. पाऊस पडला की तो रिक्रिएशन सेंटरच्या फलकावर स्वतःच्या हाताने लिहायचा : ओल्यामुळे ट्रेल बंद. त्याची कारणं त्याच्या परीने बरोबर होती. उताराच्या पायथ्याशी सबखा आहे, म्हणजे खारट चिखलाचं मैदान. वरून कडक दिसतं, आत पाय गेला की बूट तिथेच राहतो. शिवाय फरशीवर त्यांच्यातल्या एकाचं कॉलरबोन मोडलं होतं. पण ग्रॅहम फलकावर लिहायला जायचा तेव्हा दाऊदभाई बाहेर चाकाची हवा सोडत असायचे. ग्रॅहम त्यांना बोट दाखवून सांगायचा, तो दगड ओला असताना कुणालाच उतरता येणार नाही, यू विल ब्रेक युअर नेक. दाऊदभाई म्हणायचे, "यस सर, इन्शाल्ला." ग्रॅहम मान हलवून फलकाकडे वळायचा.

अशी वर्षं गेली. एका हिवाळ्यात पाऊस आला तेव्हा दाऊदभाईंची शटडाउनची ड्यूटी होती आणि ते वर्कशॉपच्या दारातून आभाळाकडे बघत उभे राहिले. एका हिवाळ्यात पाऊसच आला नाही. एकदा फरशी जवळजवळ संपली आणि शेवटच्या हातभर अंतरावर पाय टेकला, तेव्हा ते मला म्हणाले, "आज कोणीतरी पाव खाल्ला असता... चुरा झालेला." कोरड्या दिवशी ते तीच फरशी शीळ घालत उतरायचे, पण ते त्यांच्या हिशेबात धरायचं नाही. "सुक्यात कोणपण उतरंल." मी एकदा चिडून म्हणालो, दाऊदभाई, आता डब्यात पाव नाही, मोहल्ला वाट बघत नाही, टेकला पाय तर काय आकाश कोसळतं? त्यांनी चाकात अडकलेला खडा काढून टाकला. मग म्हणाले, "तीस वर्षं हितं आलेला माणूस घरी गेला की सगळी इचारतात, काय आणलंस. ब्लँकेट आणलं, घड्याळ आणलं. पण माझ्या हातात जे होतं ते हितं ऱ्हायलं का गेलं, ते मला बघायचंय." त्यानंतर मी ती चेष्टा पुन्हा केली नाही.

दोन हजार पाच उजाडलं. दाऊदभाई साठीला आले, कंपनीचं पत्र आलं, व्हिसा रद्द व्हायची तारीख ठरली, फेब्रुवारीतलं तिकीट निघालं. आणि त्या हिवाळ्यात पावसाचा टिपूस नाही. वर्कशॉपमधली पोरं रोज चिडवायची, चाचा, आज तरी बादली घेऊन जा आणि फरशी धुऊन काढा. दाऊदभाई हसायचे, पण जेवायला बसले की अर्धी भाकरी तशीच राहायची. क्वार्टर रिकामं करताना त्यांनी सायकल माझ्या घरी आणून ठेवली. निघायच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, समुद्राकडून काळंभोर आभाळ आलं. मेधाने दोरीवरचे कपडे आत घेताना मला हाक मारली, "अहो, तुमच्या दाऊदभाईंना सांगा." सांगायची गरज नव्हती. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला, "निकमसाहेब, पाव आला."

शुक्रवारी उजाडता मी त्यांची सायकल बाहेर काढली. पाऊस चालूच होता. सायकल तीन आठवडे उभी होती, टायर बसल्यासारखे दिसले. म्हटलं, थोडी हवा मारून ठेवू, ते येईपर्यंत तयार. पंप लावला. आणि मला सारखं हेच वाटत होतं, की पुढच्या शुक्रवारी हा माणूस इथे नसणार. आठ वर्षं झाली, आता दगडाकडे बघू नका असं मला कोण सांगणार... हात वरखाली चालत राहिले. वडिलांचा महत्त्वाचा दिवस असल्यासारखे चालत राहिले. शेवटी टिचकी मारली. टण् वाजलं. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की आपण काय केलं ते लक्षातच आलं नाही. दाऊदभाई आले, सायकल माझ्या गाडीच्या टपावर चढवली, आणि हातांवर फुंकर मारत त्यांनी विचारलं, "हवा बघितलीत?" मी म्हणालो, "बघितली." आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून अंगठा लावला नाही.

सड्यावरून ते निघाले ते सुरेखच. घाटीच्या पायऱ्या एकामागून एक उतरले, पाणी चाकांच्या दोन्ही बाजूंनी उडत होतं. मी मागून माझी सायकल हातात धरून पळत होतो. ते फरशीवर आले आणि मला आधी चाकाचा आवाज ऐकू आला. टणक रबर ओल्या दगडावरून सरकतं त्याचा आवाज. पुढचं चाक असं बाजूला गेलं जसं कुणी ओढून घेतलं. पाय टेकायलाही वेळ मिळाला नाही. ते डाव्या अंगावर पडले आणि सायकलसकट पऱ्याच्या काठापर्यंत घसरत गेले. मी पोचलो तेव्हा कोपर सोललेलं, मनगट सुजायला लागलेलं. मी म्हणालो, "खलास, दाऊदभाई. दवाखान्यात चला." ते बसल्या जागी पुढच्या चाकाकडे बघत होते. मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा टायरवर ठेवला आणि दाबला. अंगठा आत गेलाच नाही. आता ते वर बघतील, मला विचारतील... त्यांनी वर बघितलं ते आभाळाकडे. "रात्रीत हवा चढली असंल," ते म्हणाले. नखाने व्हॉल्व्हची पिन दाबली, फुस्स, थांबले, पुन्हा अंगठा, पुन्हा थोडी फुस्स. दोन्ही चाकांचं तसंच. थंडीपावसात रात्रीतून हवा कशी चढेल, हे पंपांमध्ये जन्म काढलेल्या माणसाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी गप्प बसलो. हे गप्प बसणं मला पुढे चार वर्षं टोचत राहिलं.

"खलास कसला?" ते उठत म्हणाले. "जुम्म्याच्या नमाजला अजून येळ हाय." पाऊस थांबला होता आणि तेच वाईट होतं. ढग फाटायला लागले होते. ऊन पडलं तर अर्ध्या तासात फरशी सुकणार, आणि सुकी फरशी हिशेबात नाही. मी माझी सायकल तिथेच टाकली आणि त्यांची ढकलत वर निघालो. ते मनगट छातीशी धरून मागून. अर्ध्यावर असताना खालून हॉर्न वाजला. ग्रॅहम होता. ट्रेल बंद लिहून झाल्यावर कोण त्याचं ऐकत नाहीये ते बघायला आला असावा. तो गाडीतून उतरला, आमच्याकडे बघितलं, रक्ताळलेल्या कोपराकडे बघितलं, आणि फरशीच्या बाजूला जाऊन गुडघ्यावर बसला. पाय टेकतो की नाही हे जिथून अगदी बरोबर दिसेल तिथे. माणूस शिस्तीचा, हे मी म्हणालोच.

वर दाऊदभाईंनी रुमाल मनगटाला घट्ट बांधायला लावला. डोक्यावर मी दिलेलं हेल्मेट होतं, त्याच्या आत, सवयीप्रमाणे, प्लॅस्टिकची पिशवी. समुद्रावर उन्हाची एक पट्टी पडली होती आणि ती आमच्याकडे सरकत होती. "यल्ला," ते म्हणाले आणि सुटले. या खेपेला मी पळालो नाही, वरच उभा राहिलो. घाटीच्या पायऱ्यांवर मऊ चाकं अशी बसत होती की आवाजच नाही. शेवटच्या पायरीला त्यांनी ब्रेक सोडले. फरशीवर आले. मागचं चाक एक वीतभर सरकलं. माझा डावा पाय, तिथे वर, कोरड्या जागी, आपोआप पुढे आला. त्यांचा आला नाही. सायकल सरकत होती आणि ते तिला सरकू देत होते, खांदे सैल, नजर पऱ्याच्या पलीकडे. सरकता सरकता चाक कुठेतरी धरलं गेलं, फरशी संपली, पऱ्यातलं पाणी दोन्ही बाजूंना उडालं, आणि मग ते सबख्याच्या काठाने कडक जमीन धरून समुद्रापर्यंत गेले. पाण्यात. पुढचं चाक बुडेपर्यंत. तिथे मात्र त्यांनी पाय टेकला, दोन्ही पाय, आणि माझ्याकडे वळून न बघता नुसता एक हात वर केला. मी बोंब ठोकली. आयुष्यात कधी क्रिकेटच्या मॅचला ओरडलो नाही इतका ओरडलो. ग्रॅहम उठून उभा राहिला, गुडघ्याचा चिखल झटकला, आणि या आडदांड माणसाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या ओसाड जागी एका माणसाच्या टाळ्या किती मोठ्या ऐकू येतात.

नंतर दाऊदभाई आमच्या घरी आले. मेधाने मनगटाला पट्टी बांधली, शिरा केला, त्यांनी तीनदा मागून घेतला, आंघोळ करून नमाजला गेले. संध्याकाळी मी रिक्रिएशन सेंटरला गेलो. फलकावर ग्रॅहमचं नेहमीचं इंग्रजी वाक्य तसंच होतं, ओल्यामुळे ट्रेल बंद. त्याच्याखाली त्याच अक्षरात शब्दांची एक जोडी वाढली होती : दाऊद सोडून. पुढे आम्ही दोह्याला फरीज बिन ओमरान या वस्तीत राहायला येईपर्यंत दर हिवाळ्यात तो ते दोन्ही शब्द न चुकता लिहायचा, दाऊदभाई तिथे नसतानाही.

गावी जाताना लोक टीव्ही नेतात, ब्लँकेटं नेतात. दाऊदभाईंनी सायकल नेली. कार्गोवाला म्हणाला, "चाचा, ये उधर नहीं मिलती क्या?" ते म्हणाले, "मिलती है. लेकिन वो ये फरशी नहीं उतरी." त्यानंतर त्यांना घरचे चार पावसाळे मिळाले. सड्यावरून डांबरी रस्ता झाला होता, त्याला ते नावं ठेवायचे आणि जुन्या घाटीनेच उतरायचे, कॅरिअरला पावाचा डबा बांधून. जुलै-ऑगस्टात केव्हातरी फोन यायचा. "निकम, आज उतरलो." साहेब केव्हाच गळून पडलं होतं. "टेकलात?" "न्हाय." एवढंच. दरवेळी मला वाटायचं आता सांगून टाकावं, की दाऊदभाई, त्या दिवशी हवा मी भरली होती. दरवेळी फोन ठेवला जायचा.

मागच्या महिन्यात रजा काढून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी हमीदाभाभी, त्यांची नवऱ्यामागे पाळायची इद्दत चालू आहे, त्यामुळे त्या माजघराच्या पडद्याआड बसून बोलल्या. पडवीत मी आणि शबाना. सायकल भिंतीला टेकून उभी, तांबडा रंग उडालेला, कॅरिअरवर पत्र्याचा डबा. शेजारी पंप. अशा वेळी हाताला काहीतरी काम लागतं. मी पंप उचलला आणि चाकाजवळ बसलो. म्हटलं, बरेच दिवस उभी आहे, हवा मारून ठेवतो.

"शबाना," पडद्याआडून आवाज आला, "पंप घे त्यांच्या हातातून."

मी चमकून मागे बघितलं. शबाना ओढणी तोंडावर धरून हसत होती. "निकमभाऊंच्या हाती पंप द्यायचा न्हाय," भाभी म्हणाल्या, "ह्यांनी सांगून ठेवलंय."

मग शबानाने सांगितलं. दर पावसाळ्यात, घाटी उतरून आले की दाऊदभाई पडवीत बसून ती गोष्ट सगळ्या मोहल्ल्याला सांगायचे. निकमने प्रेमाने हवा टाईट केली, म्हणून मी पडलो. पडलो म्हणून पुन्हा वर चढलो. आणि पुन्हा चढलो तोवर ग्रॅहम आला. "पहिल्याच खेपेला उतरलो असतो तर बघायला कोण होतं, असं म्हणायचे अब्बा. एकटे निकम, आणि ते तर आपलेच. त्यांच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार." मी तिथे चाकाशी बसून हसलो आणि रडलो, दोन्ही. चार वर्षं ज्याचं ओझं मी वाहत होतो, ते त्यांनी केव्हाच गावभर वाटून टाकलं होतं.

"मग हवा कोण बघतं?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"मी बघते," पडद्याआडून भाभी म्हणाल्या. "दर जुम्म्याला. पडवीत कोण नसलं की."

मी अंगठा टायरवर ठेवला आणि दाबला. हवा अगदी पिकायला आलेल्या आंब्याइतकी होती.